चिंधी की तेल? मोटारीच्या बुशमागचं विज्ञान

जालन्यातल्या अंबड चौफुलीजवळच्या एका गॅरेजात माझी गाडी जॅकवर चढली होती. तक्रार साधी होती. गतिरोधक ओलांडला की पुढच्या डाव्या चाकापाशी ‘खट्’ असा आवाज यायचा. शॉकअप गेले असणार, मोठा खर्च निघणार, असं धरूनच मी आलो होतो. मिस्त्रीने चाकामागच्या लोखंडी हाताला टॉमी लावून एक हिसका दिला आणि म्हणाला, “शॉकअप ठणठणीत आहेत काका. बुश गेलंय.” मुठीत मावेल असं ते रबराचं कडं एका बाजूने उभं फाटलं होतं. पाठोपाठ त्याचा प्रश्न आला, “रबर टाकू का पीयू? पीयू एकदा टाकलं की परत बघायलाच नको.”

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. लाल, पिवळ्या किंवा काळ्या रंगाचं, बोटाने दाबलं तर दबल्यासारखं न वाटणारं टणक बुश. मला प्रश्न पडला, की रबर फाटतं आणि पीयू टिकतं, तर गाडी बनवणारे मुळातच पीयू का बसवत नाहीत? या एका प्रश्नाच्या उत्तरात मोटारीच्या आरामाचं आणि ताब्याचं बरंचसं विज्ञान दडलेलं आहे.

पाळण्याची कडी

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्याकडे सगळ्यांच्या कानावरची आहे. तेव्हा पाळण्यापासूनच सुरुवात करू. तुळईच्या लोखंडी कडीत पाळण्याचा आकडा अडकवला आणि झोका दिला, की कुरकुर सुरू होते. झोपलेलं बाळ जागं होतं. यावर आजीकडे दोन उपाय असतात. एक, कडीभोवती जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची. दुसरा, कडीवर तेलाचा थेंब सोडायचा.

दोन्हींनी कुरकुर थांबते, पण थांबण्याची कारणं निराळी आहेत. चिंधी लोखंडाला लोखंडाशी भिडू देत नाही. ती मधल्या मध्ये दबते, पिळवटते आणि हिसका स्वतः खाते. तेल हिसका खात नाही, ते फक्त लोखंडाला लोखंडावरून अलगद घसरू देतं. रबराचं बुश चिंधीच्या तत्त्वावर चालतं आणि पीयूचं तेलाच्या. या दोहोंमधला सगळा वाद या फरकातून निघतो.

बुश असतं कुठे?

आपल्या बहुतेक लहान गाड्यांत पुढचं प्रत्येक चाक एका आडव्या लोखंडी हाताने गाडीशी जोडलेलं असतं. त्याला लोअर आर्म म्हणतात, काही गॅरेजांत ‘कैची’ही म्हणतात. या हाताचं एक टोक चाकाकडे असतं. दुसऱ्या बाजूने तो दोन जागी बोल्टने गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो, दार जसं दोन बिजागऱ्यांवर असतं तसा. चाक खड्ड्यात उतरलं की हात खाली झुकतो, उंचवट्यावर चढलं की वर उचलला जातो. या प्रत्येक बिजागरीत एकेक बुश असतं.

त्याची रचना सोपी आहे. एकात एक अशा दोन लोखंडी नळ्या आणि त्यांच्यामध्ये भरलेलं रबर. बाहेरची नळी प्रेस मशीनने दाबून हातात बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो सांगाड्यात घट्ट आवळला जातो. आत काहीही गरगर फिरत नाही, ही इथली खरी गंमत आहे. रबर कारखान्यातच उष्णता देऊन दोन्ही नळ्यांना पक्कं चिकटवलेलं असतं. मग हात वरखाली कसा होतो?

एक प्रयोग करा. डाव्या मनगटावर उजव्या हाताचं बोट घट्ट टेकवा आणि बोट न घसरू देता ते थोडं पुढेमागे हलवा. बोट हललं, पण घासलं नाही. खालची कातडी ताणली गेली आणि सोडल्यावर जागेवर आली. रबरी बुश असंच काम करतं. हात वर गेला की रबर थोडं पिळवटतं, खाली आला की उलट पिळवटतं. घर्षण नाही, म्हणून झीज नाही. झीज नाही म्हणून वंगण लागत नाही आणि कुरकुरही होत नाही.

आता मनगटातल्या बांगडीकडे पाहा. ती गोल फिरते ती घासूनच. पीयूचं बुश बहुधा असं असतं. ते आतल्या नळीला चिकटवलेलं नसतं, नळी त्याच्या आत घसरत फिरते. म्हणून ते बसवताना आत ग्रीस लावावंच लागतं.

धक्का फक्त खालून येत नाही

खड्ड्याचा धक्का म्हटलं की आपल्याला खालून वर येणारा दणका आठवतो. तो झेलायला स्प्रिंग आहे आणि स्प्रिंगची उसळी आवरायला शॉकअप आहे. पण चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं तेव्हा ती कड चाकाला वर उचलते आणि त्याच वेळी मागेही ढकलते. चालताना उंबऱ्याला पाय अडखळला की बोटं मागे दाबली जातात, तसंच हे.

या मागे ढकलणाऱ्या धक्क्यावर स्प्रिंग आणि शॉकअप यांचा फारसा इलाज नाही, कारण त्यांचं काम वरखाली दिशेतलं आहे. तो धक्का पचवणारी महत्त्वाची वस्तू म्हणजे बुश. ते काही मिलिमीटर मागे दबतं, धक्क्याचा कडकपणा खातं आणि चाकाला पुन्हा जागेवर आणतं. टायरची घरघर आणि रस्त्याच्या खडीची बारीक थरथरही इथेच बरीचशी अडते. हा गाळणीचा टप्पा काढला, तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा स्टिअरिंगवर आणि सीटखाली जाणवू लागेल.

मऊपणाला दिशा असते

बुश मऊच असेल, तर वळणावर गाडी डगमगणार नाही का? इथे रबराच्या बुशमधलं खरं कसब दिसतं. काही बुशांत रबराच्या दोन बाजूंना चंद्रकोरीसारख्या पोकळ्या ठेवलेल्या असतात. पाहणाऱ्याला वाटतं रबर झिजलं, पण त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. ज्या दिशेला पोकळी त्या दिशेला बुश मऊ, आणि जिथे रबर भरीव तिथे घट्ट. म्हणजे एकच बुश चाकाला पुढेमागे थोडं सरकू देतं, पण वळणावर येणारा आडवा जोर ठामपणे रोखतं.

ढोलकीला एका बाजूला शाई लावतात, दुसरी बाजू निराळी ठेवतात, कारण दोन बाजूंकडून दोन वेगळे आवाज हवे असतात. गाडीच्या अभियंत्यांनीही प्रत्येक बुशला कोणत्या दिशेला किती हार मानायची हे ठरवून दिलेलं असतं. याउलट बाजारात मिळणारं पीयूचं बुश अनेकदा सगळीकडून सारखंच भरीव असतं. ते सगळ्याच दिशांना घट्ट धरतं, ज्या दिशेला सैल असायला हवं होतं त्या दिशेलाही.

शेवया आणि गाठी

दोन्ही पदार्थांचा स्वभाव त्यांच्या आतल्या बांधणीतून येतो. रबराचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. शिजलेल्या शेवयांचा गोळा जसा एकमेकांत गुंतलेला असतो, तशा त्या असतात. कच्चं रबर थंडीत कडक पडतं आणि उन्हात चिकट होतं, कारण उन्हात या शेवया एकमेकींवरून घसरतात. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळलं, की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते लवचीक आणि टिकाऊ होतं. गंधक शेवयांना जागोजागी बारीक टाके घालतं. ताण दिला की साखळ्या लांबतात, सोडला की टाके त्यांना मागे ओढतात.

पॉलियुरेथेन पुष्कळ नंतरचं. जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये ते बनवलं. त्याच्या साखळीला गुढीपाडव्याला गुढीवर घालतात त्या साखरेच्या गाठींची माळ म्हणता येईल. मऊ दोरा आणि त्यावर ठरावीक अंतराने कडक गाठी. एका माळेतल्या गाठी शेजारच्या माळेतल्या गाठींना धरून बसतात. दोरा लवचीकपणा देतो, गाठी बळकटी देतात. गाठींचं आणि दोऱ्याचं प्रमाण बदललं की पदार्थाचं रूप बदलतं. म्हणूनच गादीतला फोम, बुटाचा तळ आणि सामान वाहणाऱ्या ट्रॉलीचं टणक चाक ही सारी एकाच घराण्यातली मंडळी आहेत.

टणकपणा मोजायला ‘शोर ए’ नावाचं माप वापरतात. एक बोथट सुई पदार्थावर दाबायची. ती पूर्ण आत शिरली तर शून्य, अजिबात शिरली नाही तर १००. बुशचं रबर साधारणपणे ५० ते ७० च्या दरम्यान असतं आणि पीयूचं बुश ७५ ते ९५ च्या. लाल-पिवळा रंग मात्र फक्त रंगद्रव्याचा असतो, त्यावरून टणकपणा किंवा दर्जा कळत नाही.

रबराचे शत्रू ठरलेले आहेत. इंजिनाचं ऑइल गळून बुशवर पडलं की रबर ते शोषून घेतं, फुगतं आणि भुसभुशीत होतं. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला बारीक भेगा पाडतो. उष्णता त्याला कडक करते. तेल आणि ओझोन यांच्यापुढे पीयू चांगलं तगतं. पण त्यालाही एक शत्रू आहे, दमट उष्मा. पेटीत जपून ठेवलेल्या बुटांचा तळ काही वर्षांनी भुग्यासारखा गळून पडतो, हे अनेकांनी पाहिलं असेल. पीयूच्या काही प्रकारांत हवेतला ओलावा साखळीच तोडत जातो, त्याचा हा परिणाम. पीयूचे ओलाव्याला दाद न देणारे प्रकारही असतात. बुश त्याच प्रकारचं असायला हवं, म्हणून घेताना विचारून घ्यावं.

पीयू बसवल्यावर काय बदलतं?

चांगला बदल आधी. स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते. ब्रेक दाबल्यावर चाक मागे सरकत नाही, गाडी रेषेत राहते. वळणावर चाकाचा कोन ढळत नाही. शर्यतीच्या गाड्यांना हेच हवं असतं. तिथे आवाज आणि थरथर यांची कोणाला तमा नसते.

आता किंमत पाहू. जो धक्का बुश खात नाही, तो नाहीसा होत नाही. तो पुढे सरकतो, बोल्टवर, हातावर आणि सांगाड्याच्या जोडांवर. शिवाय पीयू घसरून फिरतं, म्हणून त्यातलं ग्रीस वाळलं किंवा त्यात धूळ शिरली की कुरकुर सुरू होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते. ‘परत बघायलाच नको’ हे म्हणूनच खरं नाही. पीयूचं बुश अधूनमधून उघडून, पुसून, पुन्हा ग्रीस लावावं लागतं, आणि त्याच्यासाठी सांगितलेलं ग्रीसच लावावं लागतं.

तिसरी अडचण बांगडीची आहे. बांगडी गोल फिरते, पण तिरकी केली की मनगटात अडकते. अनेक लहान गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच पिळदार आडव्या तुळईला जोडलेली असतात. एक चाक उंचवट्यावर चढलं की ही तुळई पिळवटते, आणि तिच्या बुशला फिरण्याबरोबर तिरकंही व्हावं लागतं. रबर दोन्ही करतं. टणक पीयू तिथे अडतं आणि मागचं चाक मोकळेपणाने हलू देत नाही.

बुश अकाली का फाटतं?

आता अशी गोष्ट, जिला पैसे लागत नाहीत. गाडी जॅकवर असताना चाकं खाली लोंबतात. समजा लोअर आर्म ३५ सेंटिमीटर लांब आहे आणि चाक नेहमीच्या जागेपासून १० सेंटिमीटर खाली लोंबलं आहे. मग हात साधारण १६ ते १७ अंश झुकलेला असतो. याच अवस्थेत बुशचा बोल्ट आवळला, तर रबर त्या स्थितीला ‘सरळ’ समजतं. गाडी जमिनीवर उतरली की ते कायमचं १६ ते १७ अंश पिळलेलं राहतं. गाडी उभी असतानासुद्धा. उशीवर मान वाकडी ठेवून रात्रभर झोपल्यावर सकाळी काय होतं, ते आठवा. या बुशला ती सकाळ कधी मिळतच नाही. वर खड्ड्यांचा पीळ त्यात भरतो आणि चांगलं नवं रबर लवकर फाटतं.

उपाय सोपा आहे. बोल्ट आधी सैलसर लावायचा, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करायची आणि मग शेवटचं आवळायचं. ‘कंपनीचं रबर टिकत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी रबर नसतं, आवळण्याची ही पद्धत असते. बांगडीसारखं फिरणाऱ्या पीयूला हा प्रश्न येत नाही, म्हणूनही ते जास्त टिकाऊ वाटतं.

समृद्धी आणि काळी माती

जालना जिल्ह्यात गाडीला दोन अगदी वेगळ्या रस्त्यांना तोंड द्यावं लागतं. पहिला समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि तो आपल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. काँक्रीटचा सपाट रस्ता आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. काँक्रीटच्या फरशांचे सांधे साडेचार मीटरवर धरले, तर चाक सेकंदाला सातहून जास्त सांधे ओलांडतं. असली बारीक, सततची थरथर गाळणं हे मऊ रबराचं काम.

पण याच वेगाला सैल झालेलं बुश धोक्याचं ठरतं. समजा टायरचा व्यास ६० सेंटिमीटर आहे, आणि बुश ढिलं पडल्याने टायरची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फक्त २ मिलिमीटर आत वळली आहे. म्हणजे ३०० भागांत एक भाग तिरकेपणा. मग प्रत्येक किलोमीटरमागे ते टायर सव्वातीन मीटरहून जास्त आडवं फरफटतं. जालन्याहून नागपूर गाठेपर्यंत किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. टायरची एकच कड झिजत असेल, किंवा अलाइनमेंट करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, तर बुशं तपासायलाच हवीत.

दुसरा रस्ता काळ्या मातीवरचा. आपली कापसाची काळी जमीन पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला भेगा पडतात. तिच्यावर बांधलेला रस्ता लाटा घेतो, कडेला खचतो. भोकरदन, मंठा, घनसावंगीकडच्या आतल्या गावांना जाताना एक चाक वर आणि एक खाली, असं सतत चालतं. इथे बुशला सगळ्या दिशांनी पिळावं लागतं. कुटुंबाच्या गाडीसाठी या दोन्ही रस्त्यांवर चांगल्या दर्जाचं, नीट आवळलेलं रबरच सोयीचं ठरतं.

मग पीयू कुठे?

जिथे फक्त गोल फिरणं असतं आणि घट्ट पकड हवी असते, तिथे. गाडीच्या दोन्ही बाजूंना जोडणारी एक वाकवलेली सळई असते, तिला स्टॅबिलायझर बार म्हणतात. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून ती असते. तिला सांगाड्याशी धरून ठेवणारी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची बुशं पीयूची घातली, तर कलणं कमी होतं आणि आराम फारसा जात नाही. पीयूची चव घ्यायची असेल, तर सुरुवात इथून करावी.

दुसरी जागा मालवाहू पिकअपची. मोसंबीचे कॅरेट किंवा कापसाची गाठोडी वाहणाऱ्या गाड्यांच्या मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकांना बुशं असतात. तिथे ओझं मोठं, हालचाल मुख्यतः फिरण्याची, आणि आरामाची अपेक्षा कमी. वेळेवर ग्रीस देण्याची तयारी असेल, तर तिथे पीयू चांगली साथ देतं.

थोडक्यात

• रबराचं बुश पिळवटून काम करतं. त्याला ग्रीस लावायचं नाही, तेल तर लागूच द्यायचं नाही.
• पीयूचं बुश घसरून फिरतं. त्याला ठरलेलं ग्रीस आणि अधूनमधून देखभाल लागते.
• रबर धक्का आणि थरथर खातं. पीयू चाकाला घट्ट धरतं, पण धक्का पुढे पाठवतं.
• रबरातली चंद्रकोरी पोकळी म्हणजे झीज नव्हे. उभी चीर, सुटलेलं रबर किंवा तेलाने आलेला फुगवटा म्हणजे बिघाड.
• रबरी बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळून घ्यावा.
• बुश बदललं की अलाइनमेंट करून घ्यावी. गाडी वॉरंटीत असेल, तर पीयू घालण्याआधी विचारून घ्यावं.

आजीचा हिशेब

आजीचा पाळण्याची चिंधी आणि विहिरीवरच्या रहाटाचं तेल यांच्यात कधी गोंधळ झाला नाही. रहाट नुसता फिरायला हवा होता, म्हणून त्याला तेल. पाळण्यात बाळ होतं, हिसका त्याच्यापर्यंत पोचायला नको होता, म्हणून कडीला चिंधी. चिंधी मऊ असते, झिजते, दर काही महिन्यांनी बदलावी लागते. पण ती झिजते ती बाळाच्या वाट्याचा हिसका स्वतःकडे घेऊन.

मी मिस्त्रीला सांगितलं, लोअर आर्मला रबरच टाका, आणि बोल्ट गाडी खाली उतरवल्यावर आवळा. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग गाडी उतरवली, चाकं जमिनीवर टेकवली आणि पान्हा घेऊन पुन्हा खाली सरकला. परतीच्या वाटेवर पहिल्या गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा मी कान देऊन ऐकत होतो. काहीच वाजलं नाही.